जुन्या व्हिडिओ गेमवर स्वतःचं संगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत आमच्या घरी रविवारी चार-पाच पोरं जुने गेम पिशवीत घालून येतात. कुणी जिंतूरहून, कुणी नांदेडहून फोन करतं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा बसून लिहून काढली. नवीन काही विचारलं गेलं की यात भर घालत जाईन.

जुन्या गेमवर संगीत करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

गेममधली गाणी रेकॉर्ड करून त्यांचं रिमिक्स करायचं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण जुन्या गेमच्या डब्यात गाणं भरून ठेवलेलं नसतं. आत आवाज काढणारी चिप असते. कोणता सूर, किती जोरात, कोणत्या जातीचा, हे तिला क्षणाक्षणाला सांगावं लागतं आणि ती तो सूर तिथल्या तिथे तयार करते. गेम बनवणाऱ्यांनी तिला त्यांच्या चाली सांगितल्या. आपण आपल्या सांगायच्या. हार्मोनियम कुण्या कारखान्यात बनली म्हणून तिच्यावर वाजलेला अभंग कारखान्याचा होत नाही, तसंच हे.

माझ्याकडे माळ्यावर पडलेला टीव्ही गेम आहे. तो चालेल का?

बहुतेक वेळा चालतो. निन्टेन्डो कंपनीचं फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, १९८३ साली जपानमध्ये आलं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी जे टीव्ही गेम आले, ज्यांना आपण सरसकट 'व्हिडिओ गेम' म्हणायचो, त्यातले बरेचसे फॅमिकॉमच्या नकला होते. त्यांची कॅसेट ६० पिनांची असते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या यंत्राची ७२ पिनांची असते, म्हणून परदेशातून काही मागवताना हा आकडा आधी तपासा.

डबा उघडला की दोन प्रकार दिसतात. जुन्या नकलांत वेगवेगळ्या, पाय असलेल्या चिपा असतात. नंतरच्या नकलांत सगळं एकाच काळ्या, डांबराच्या थेंबासारख्या ठिपक्याखाली असतं. पहिला प्रकार मिळाला तर तो जपा. दुरुस्ती होते आणि आवाजही मुळाच्या जवळचा असतो. ठिपकेवाला बिघडला तर आतलं काही बदलता येत नाही, पण वाजत असेल तर तोही घ्या, शिकायला उत्तम आहे.

जत्रेत मिळतो तो ब्रिक गेम?

त्यावर आपली चाल भरता येत नाही. त्याचा प्रोग्रॅम चिपमध्येच कोरलेला असतो. त्याची टिकटिक रेकॉर्ड करून दुसरीकडे वापरता येईल, तेवढंच.

यात आवाज किती असतात? चार-पाच आवाजांत गाणं होतं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फॅमिकॉमच्या चिपचं नाव रिको २ए०३. तिच्यात पाच आवाज आहेत. दोन पल्स, म्हणजे चौकोनी लहरीचे. एक ट्रायँगल, म्हणजे त्रिकोणी लहरीचा, तो खर्जासाठी. एक नॉइज, म्हणजे खर्र-फस्स. आणि पाचवा डीपीसीएम, ज्यात छोटासा रेकॉर्ड केलेला तुकडा वाजतो. निन्टेन्डोच्याच १९८९ च्या गेम बॉयमध्ये, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्रात, चार: दोन पल्स, एक वेव्ह आणि एक नॉइज. वेव्हची लहर आपण स्वतः काढायची असते, ३२ ठिपक्यांची, प्रत्येक ठिपका १६ पातळ्यांपैकी एकीवर.

आता आपल्याकडचा लग्नानंतरचा गोंधळ आठवा. अंगणात चौक भरलेला, दिवटी पेटलेली. एक मुख्य गोंधळी कथा लावतो, एक संबळ वाजवतो, एक तुणतुणं, एक मंजिरी. एवढ्या चौघांवर रात्रभराचा जागर उभा राहतो आणि आवाज कमी पडले असं कुणी म्हणत नाही. कारण प्रत्येकाला आपली जागा माहीत असते. कथा चालू असताना संबळ दबतं, कथा थांबली की उसळतं. झील धरणारा मुख्य गोंधळ्याचा शेवटचा शब्द उचलतो. तुणतुणं कधीच थांबत नाही.

गेम बॉयवर गाणं बांधताना मी असंच वाटप करतो. पहिला पल्स मुख्य गोंधळी. दुसरा पल्स झील धरणारा, तो सतत बोलत नाही, ओळीच्या शेवटी येतो. वेव्हवर तुणतुण्याचा सूर. नॉइजवर मंजिरी, आणि मधल्या मोकळ्या जागेत संबळ. नवी मुलं पहिल्याच दिवशी चारही आवाज पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत भरून टाकतात आणि मग म्हणतात, गोंगाट होतोय. दुसरा पल्स अर्धा पुसायला सांगतो. गाणं लगेच मोकळं होतं.

सुरुवात करायला यंत्र विकत घ्यावंच लागतं का?

नाही. आधी फोनवर किंवा कॉम्प्युटरवर शिका. फॅमिस्टुडिओ हे फुकट सॉफ्टवेअर अँड्रॉइडवरही चालतं. पियानोच्या पट्ट्यांसमोर आडव्या कांड्या ठेवत जायचं, समजायला सोपं आहे. फॅमिट्रॅकर विंडोजवर चालतं, त्यात गाणं वरून खाली आकड्यांच्या तक्त्यासारखं दिसतं; अशा सॉफ्टवेअरला ट्रॅकर म्हणतात. गेम बॉयसाठी एचयूजीईट्रॅकर फुकट आहे. फर्नेस नावाचं आणखी एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कितीतरी जुन्या चिपा एकाच जागी मिळतात.

प्रत्यक्ष गेम बॉय हातात धरून त्याच्याच बटणांवर गाणं बांधायचं असेल तर दोन नावं लक्षात ठेवा. नॅनोलूप, जर्मनीच्या ऑलिव्हर विटखोव यांनी १९९८ मध्ये केलेलं. आणि लिटल साउंड डीजे, स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांचं. नॅनोलूप ठेक्यावर खेळणाऱ्याला जमतं, लिटल साउंड डीजे मोठं गाणं बांधणाऱ्याला. मी दुसरं वापरतो.

आपले ताल यात बसतात का? सगळं चार-चारच दिसतंय.

दिसतं तसं, पण बसतात. ट्रॅकरमध्ये एका पानाला साधारणपणे ६४ ओळी असतात आणि ती संख्या बदलता येते. एका मात्रेला चार ओळी धरल्या तर केरव्याच्या किंवा भजनी ठेक्याच्या आठ मात्रांना ३२ ओळी, रूपकाच्या सातला २८, दादऱ्याच्या सहाला २४, झपतालाच्या दहाला ४०. लिटल साउंड डीजेमध्ये एक तुकडा १६ पायऱ्यांचा असतो, तिथे एच हा हुकूम देऊन तो मध्येच तोडता येतो.

ठेक्याचं वजन मात्र वेगळं सांभाळावं लागतं. प्रत्येक ओळ सारख्या अंतरावर ठेवली तर भजनी ठेका परेडच्या बँडसारखा वाजतो. ट्रॅकरमध्ये 'ग्रूव्ह' असतो. त्यात एक ओळ ७ टिक आणि पुढची ५ टिक (टिक म्हणजे यंत्राच्या घड्याळाचा एक ठोका) अशी लांब-आखूड करता येते. दिंडीत पखवाज ऐकत आणि टाळांच्या मागे पावलं टाकत चालला असाल, तर हे ७-५ चं गणित कानाला लगेच पटेल.

आणि मींड? हे तर पेटीसारखं सुटं-सुटं वाजतं.

मींड होते, पेटीपेक्षा चांगली होते. चिपला 'सा' किंवा 'रे' कळत नाही, तिला फक्त आकडा कळतो. गेम बॉयच्या पल्सवर कंपनसंख्या निघते ती १,३१,०७२ ला एका आकड्याने भागून. तो आकडा एकेकाने हलवला की सूर सरकतो. यातली खुबी अशी की खालच्या सुरांत या पायऱ्या फार जवळजवळ असतात. २५० हर्ट्झच्या आसपास लगतच्या दोन पायऱ्यांत अर्ध्या हर्ट्झचंही अंतर नसतं. १००० हर्ट्झला तेच अंतर सात-आठ हर्ट्झ होतं आणि मींड जिना उतरल्यासारखी ऐकू येते. म्हणून आलापासारखं काही करायचं असेल तर मंद्र आणि मध्य सप्तकात करा. तार सप्तकात सरळ सूर, फार तर हलकं आंदोलन.

सा काळी एकला धरा किंवा पांढरी चारला, चिपला फरक पडत नाही. पण पल्सचा तळ ठरलेला आहे, गेम बॉयवर ६४ हर्ट्झ. त्याखालचा खर्ज हवा असेल तर वेव्हवर जा.

संबळ आणि हलगीचा आवाज कसा काढायचा?

संबळाची दोन भांडी, एक उंच आवाजाचं आणि एक खर्जाचं. फॅमिकॉमच्या चिपवर खर्जाचं भांडं ट्रायँगलवर करा. सूर वरून सुरू करून तीन-चार टिकांत झपकन खाली घसरवा आणि तोडा. ट्रायँगलला कमी-जास्त आवाज करण्याची सोयच नाही, तो एक तर चालू नाही तर बंद. म्हणून तोडणं विसरलात तर तो घुमत राहतो. उंच भांडं नॉइजवर: आवाज १५ वरून सुरू, आणि १५, ९, ४, १, ० असा उतरता. एक टिक म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. पाच टिकांत काम संपतं.

हलगी मी डीपीसीएमवर करून पाहिली. गावाकडच्या हलगीवाल्या काकांना अंगणात बोलावलं. त्यांनी काडीकचरा पेटवून हलगी आधी शेकली, बोटाने दोनदा टिचकी मारून पाहिली, परत शेकली, आणि मग म्हणाले, "घे आता." फोनवर वीस-पंचवीस ठोके घेतले. त्यातला एक निवडून सेकंदाचा पाचवा भाग ठेवला, बाकी कापला. सगळ्यात वरच्या वेगाला, म्हणजे साधारण ३३ किलोहर्ट्झला, तो सुमारे ८३० बाइटांत बसला. चिपची मर्यादा एका तुकड्याला ४,०८१ बाइट, म्हणजे जेमतेम एक सेकंद.

वाजवून पाहिलं तर हलगी ओळखू येत होती, पण तिची कड गेली होती. कारण असं की डीपीसीएम प्रत्येक ठिपक्याला एकच बिट देतं: लहर थोडी वर किंवा थोडी खाली. एकदम उडी मारता येत नाही. आणि हलगीचा जीव तर त्या पहिल्या उडीत असतो, बारीक काडी कातड्याला लागते त्या क्षणात. मग त्याच टिकेवर नॉइजचा एकच फटका दिला, एका टिकेपुरता, पूर्ण जोरात. तेव्हा हलगी बोलली. काकांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "शेकायला पायजे अजून." मी नॉइजची पट्टी एक घर वर नेली. त्यांनी मान डोलावली.

आणखी एक गोष्ट. डीपीसीएमची पातळी वर अडकून राहिली तर ट्रायँगल आणि नॉइज दबतात, कारण चिपच्या आत ते एकत्र मिसळले जातात. तुमचं संबळ अचानक बारीक झालं तर दोष तिथे शोधा.

सॉफ्टवेअरमध्ये छान वाजलेलं गाणं खऱ्या यंत्रावर वेगळं का वाजतं?

दोन कारणं, आणि दोन्ही आपल्याकडच्या यंत्रांशी जोडलेली आहेत.

पहिलं, वेग. जपानी आणि अमेरिकी यंत्र सेकंदाला ६० टिक देतं. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, ५० वाला. त्यासाठी बनवलेली नक्कल असेल तर १५० च्या लयीत बांधलेलं गाणं १२५ ला उतरतं. सूरही हलतो. ५० वाल्या पुष्कळशा नकलांत तो किंचितच उतरतो, एका स्वराच्या सहाव्या भागाइतकासुद्धा नाही. एकट्याने ऐकताना कळत नाही, शेजारी पेटी वाजली की कळतं. लयीसाठी सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीलाच पाल निवडून काम करा, आणि सुरासाठी पेटीवाल्याला यंत्राच्या सुराशी जुळवून घ्यायला सांगण्याऐवजी यंत्राचा सूर मोजून तेवढी दुरुस्ती गाण्यात करा.

दुसरं, पल्सची जात. पल्स चार रुंदींत मिळतो: १२.५, २५, ५० आणि ७५ टक्के. १२.५ नाकातला, तुणतुण्यासारखा; ५० भरीव, पोकळ बासरीच्या अंगाने जाणारा. कित्येक नकलांत २५ आणि ५० यांची अदलाबदल झालेली असते. बनवणाऱ्यांकडून दोन तारा उलट जोडल्या गेल्यासारखं समजा. तुम्ही ५० मागितला की २५ येतो. माझं पहिलं गाणं अशा यंत्रावर लावलं तेव्हा मुख्य चाल एकदम चिरकी झाली आणि मी तीन दिवस अँप्लिफायर तपासत बसलो. आता नवीन यंत्र हातात आलं की पहिल्यांदा चारही रुंदींचा एकच सूर ओळीने वाजवतो. आणि खरं सांगायचं तर ती अदलाबदल मला आवडायला लागली आहे. आपल्या गल्लीत गेमचा आवाज असाच होता, तोच आमच्या कानात बसला आहे.

गाणं यंत्रात भरायचं कसं?

फ्लॅश कॅसेट मिळते. मेमरी कार्डावर फाइल टाकायची, कार्ड कॅसेटमध्ये, कॅसेट यंत्रात. ठिपकेवाल्या काही नकलांवर ती उठत नाही, म्हणून घेण्याआधी कुणाची तरी लावून पाहा. पोरांच्या 'एकात लाख गेम' म्हणवणाऱ्या जुन्या कॅसेटांवर काही लिहिता येत नाही.

कॅसेट लागत नाही. फुंकर मारू का?

नका मारू. लहानपणी सगळ्यांनीच मारली. फुंकरीबरोबर तोंडातली ओल जाते आणि पिनांना गंज चढतो. मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. ते कानकोरण्याच्या कापसावर घेऊन पिना पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. आपल्याकडे मार्च ते जूनमधला फुफाटा डब्यात शिरतोच, तेव्हा वापर नसेल तर यंत्र कापडात गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, पावसाळ्यात आत ओल धरते.

लाइट गेली तर? आणि अडॉप्टर कोणता लावू?

गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागतात, लाइटचा प्रश्नच नाही. चार्ज होणारे सेलही चालतात.

टीव्ही गेमच्या आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो, तो येईल तो दाब ५ व्होल्टवर आणतो आणि उरलेल्याची उष्णता करतो. अडॉप्टर लावण्याआधी मीटरने दोन गोष्टी पाहा: दाब किती, आणि पिनेच्या आत धन आहे की ऋण. मूळ फॅमिकॉमला आत ऋण लागतं, नेहमीच्या अडॉप्टरच्या उलट. नकलांत दोन्ही प्रकार आहेत. अंदाजाने लावून जळालेली यंत्रं माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी एक येते.

शेतावर किंवा गावात कार्यक्रम असेल तर मी फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी वापरतो, मध्ये एक छोटा बक कन्व्हर्टर लावून दाब ९ वर आणतो. थेट १२ दिले तर मे महिन्यात ७८०५ ला हात लावता येत नाही. बॅटरीचा दुसरा फायदा म्हणजे लाइनची हम येत नाही. मृगाच्या आसपास विजा कडाडायला लागल्या की मात्र प्लग, केबल, अँटेना, सगळं काढून ठेवा. आणि जुना डब्बा टीव्ही कधीही उघडू नका. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये जिवावर बेतेल इतका दाब उरलेला असतो.

केलेली गाणी पुसली जातात का?

जातात. जुन्या पद्धतीच्या कॅसेटमध्ये नाण्यासारखा सेल असतो, त्याच्या जिवावर मेमरी टिकते. सेल संपला की सगळं साफ. माझी अकरा गाणी एका उन्हाळ्यात गेली. त्यातलं एक आईच्या जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवर बांधलेलं होतं. ओव्या तिला आता पुऱ्या आठवत नाहीत, त्यामुळे ते परत बांधता आलं नाही. तेव्हापासून दर रविवारी रात्री कॅसेटमधली फाइल कॉम्प्युटरवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवतो. तुम्ही पहिल्या गाण्यापासूनच हे करा.

सिनेमाची गाणी वाजवू का? अभंग चालेल का?

हात बसवायला सिनेमाची गाणी वाजवा, घरात. लोकांपुढे ठेवायचं ते आपलं ठेवा. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या रचनेवर हक्क राहतो. नामदेव-एकनाथांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण ज्या चालीवर तुम्ही तो अभंग ऐकला आहे ती चाल अलीकडच्या कुणा संगीतकाराची असू शकते. शब्द संतांचे घ्या, चाल स्वतः लावा. भारूड, ओवी, आरती यांच्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चालींवर बांधायलाही हरकत नाही. आमच्याकडच्या एका मुलीने पैठणच्या यात्रेत ऐकलेल्या भारुडाच्या ठेक्यावर पूर्ण नवी चाल केली आहे, फक्त दोन पल्स आणि नॉइज. ट्रायँगल तिने शेवटच्या कडव्यापर्यंत राखून ठेवला. तो येतो तेव्हा अंगावर काटा येतो.

कार्यक्रमात मोठ्या स्पीकरवर लावताना काय काळजी घ्यायची?

पहिल्या गेम बॉयचा हेडफोनचा जॅक थेट मिक्सरला जातो. गेम बॉय अॅडव्हान्स एसपीला तो जॅकच नाही, हे घेताना लक्षात ठेवा. टीव्ही गेमला पिवळ्या-पांढऱ्या पिना असतील तर पांढरी आवाजाची.

साउंडवाल्या दादांना आधी भेटा आणि एक गाणं ऐकवा. चौकोनी लहरीत वरचे सूर फार असतात, गणपतीच्या भोंग्यांवर ते कानात खुपतात. वरची पट्टी, म्हणजे ट्रेबल, चांगली खाली घ्यायला सांगा. ट्रायँगलचा खर्ज मोठ्या बॉक्सवर सुंदर लागतो, त्याला हात लावू देऊ नका. आवाज शून्यावरून हळूहळू वर न्या. आणि मंडपात उभं राहून ऐका, स्टेजवरून नाही. मागच्या ओळीत बसलेल्या आजीला चाल कळली पाहिजे.